एक पिक्चर आणि आमचं ब्लॅक बुक

सबमिशन संपलं त्या रात्री आमच्या विंगमधल्या सहा जणांनी एका लॅपटॉपवर 'द इमिटेशन गेम' पाहिला. २०१४ चा पिक्चर. दुसरं महायुद्ध, इंग्लंडमधलं ब्लेचली पार्क, जर्मनांचं एनिग्मा यंत्र आणि त्याच्या मागे लागलेला ॲलन ट्युरिंग. कंबरबॅचने काम झकास केलंय. यंत्राची चाकं अखेर थांबतात तेव्हा आम्ही एवढा कल्ला केला की शेजारच्या रूमचे येऊन शिव्या घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सहज वाचायला बसलो. एनिग्मात एक खोड होती : कुठलंही अक्षर संदेशात स्वतःच्याच रूपात कधी उमटत नसे. म्हणजे हवामानाचा संदेश आहे असा अंदाज असला, की 'हवामान'साठीचा जर्मन शब्द सांकेतिक मजकुराखाली सरकवत न्यायचा. जिथे एक जरी अक्षर जुळलं, ती जागा बाद! (डिजिटल असं शिकवलं असतं तर माझी केटी वाचली असती.)

पण खरी गंमत पुढे आहे. एनिग्माची आतली जोडणी १९३२ मध्येच पोलंडच्या मारियान रेयेव्हस्कीने गणिताने शोधली होती. जुलै १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, पोलिश मंडळींनी सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हातात ठेवलं. ट्युरिंगच्या 'बॉम्ब' यंत्राचं नावसुद्धा त्यांच्या 'बोंबा'वरून आलं. पिक्चरमध्ये हे एक-दोन वाक्यांत उरकतं. रेयेव्हस्की युद्धानंतर मायदेशी कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करत राहिला. कित्येक वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. आमच्या प्रोजेक्टचा मूळ कोड मागच्या बॅचच्या एका दादाचा. पास होऊन जाताना त्याने वही आणि अर्धवट सर्किट आमच्या रूमवर आणून दिलं होतं. पुढचं काम आम्ही केलं, रात्री जागलो, हे खोटं नाही. पण आभाराच्या पानावर प्राचार्य, एच.ओ.डी., गाईड, आई-वडील सगळे आहेत. दादा नाही. व्हायवाला सरांनी विचारलं, "लॉजिक कुणाचं?" मी म्हणालो, "आमचंच, सर."

काल दादाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तो मिनिटभर गप्प. मग म्हणाला, "रिले अडकत होता ना रे, तो सुटला का?"

आज सकाळी डिपार्टमेंटला जाऊन आलो. आभाराचं पान बदलायला ब्लॅक बुक मागितलं. क्लार्ककाका म्हणाले, जमा झालेली प्रत परत मिळत नाही. उद्या गाईडकडे जातोय. व्हायवाचंही सांगावं लागेलच.