सातबारा आणि शेअर्ड फोल्डर

होस्टेलवाल्याला सामान हलवायचं कौतुक नसतं. गादी, बादली, ट्रंक आणि दोरीवरचे कपडे उचलले की झाली खोली बदलून! पण खरी खोली तेव्हाच बदलते, जेव्हा रेक्टर सरांच्या रजिस्टरात नोंद होते. चावी कुणाकडे, कपाट कुणाचं, फुटलेल्या काचेचे पैसे कुणाच्या डिपॉझिटमधून, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. संगणकावर मात्र आपण टेराबाईटच्या टेराबाईट सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेतो आणि रजिस्टर काढायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पुस्तकात या रजिस्टराला ‘गव्हर्नन्स’ असं भारदस्त नाव आहे. आपण साध्या मराठीत ‘कारभार’ म्हणू.

आपल्या कॉलेजचं सगळं काम आधी गूगलवर चालायचं. शिक्षणसंस्थांना गूगलवर अमर्याद जागा फुकट होती, तेव्हा कुणी विचार केला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं, की आता सगळ्या संस्थेला मिळून १०० टेराबाईट. जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागला. मग बऱ्याच कॉलेजांची आवराआवर सुरू झाली. आपल्याकडेही होस्टेल, मेस आणि विद्यार्थी मंडळाच्या फाइली मायक्रोसॉफ्ट टीम्सवर न्यायचं ठरलं. त्या कामासाठी चार पोरांची समिती झाली आणि त्यात मी होतो.

हे काम मला महत्त्वाचं का वाटलं, ते आधी सांगतो. आपण सांगलीत राहतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा पूर आला. त्या अनुभवातून आपल्या सीनिअर मंडळींनी एक शीट बनवली होती. आम्ही तिला ‘पुराची यादी’ म्हणायचो. खोली नंबर, घरचा फोन, रक्तगट, कुणाला रोजचं औषध लागतं, कुणाला पोहता येत नाही, कुणाचे नातेवाईक उंचावरच्या भागात राहतात... सगळं एका जागी. फार मोलाचं काम!

एका पावसाळ्यात पाणी इशाऱ्याच्या खुणेकडे सरकायला लागलं. रात्री अकराला यादी उघडायला गेलो, तर स्क्रीनवर ‘परवानगी मागा’. परवानगी मागितली. पण शीटचा मालक पासआउट होऊन पुण्यात नोकरीला लागलेला आणि त्याचं कॉलेजचं खातं बंद! विनंत्या जाऊन पडत होत्या, वाचणारं कुणी नव्हतं. त्या रात्री आम्ही खोल्या-खोल्यांतून फिरून वहीवर नावं लिहिली. दोन पोरं सापडेनात. दोन तास सगळ्यांचे जीव टांगणीला. शेवटी कळलं, एक जतला आणि दुसरा शिराळ्याला, संध्याकाळच्या एसटीनेच घरी गेलेले. पाणी पुढे चढलं नाही, म्हणून सगळं निभावलं. पण पाणी चढलं असतं तर? यादी होती, सर्व्हर चालू होता, नेटही होतं. नव्हता फक्त मालक.

म्हणून समितीच्या पहिल्या बैठकीत सगळे किती जीबी, किती तास, कुठलं टूल असं बोलत होते, तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या गावची चावडी होती. हसू नका, सांगतो!

माझं गाव सातारा जिल्ह्यात. महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं डेटा मायग्रेशन कुठलं म्हणाल, तर माझं उत्तर सातबारा. सुमारे ४४ हजार गावं, अडीच कोटींच्या आसपास उतारे, आणि सगळे हाताने लिहिलेले! ते ई-फेरफार प्रकल्पात संगणकावर आले. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आज कुणीही १५ रुपये भरून तो घरबसल्या काढतो. पण त्या आधी, २०१७ च्या उन्हाळ्यात, गावोगाव ‘चावडी वाचन’ झालं. संगणकावरचा उतारा तलाठी भाऊसाहेबांनी चारचौघांत वाचायचा, खातेदारांनी ऐकायचं आणि चूक असेल तर तिथंच सांगायचं.

मी तेव्हा सातवीची परीक्षा देऊन सुट्टीवर होतो. अण्णांबरोबर चावडीत जाऊन बसलो. आमच्या गटाचं वाचन झालं. अण्णांचं नाव आलं, चुलत्यांचं आलं. अण्णा उठून म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, आमच्या बहिणीचं नाव ऱ्हायलं.’’ आजोबा गेल्यावर वारस नोंदीत आत्याचं नाव लागलेलं होतं, हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर ते होतंही, पण टायपिंगच्या वेळी कुठेतरी गळलं होतं. मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘‘आपसूक कमी झालं तर बोलायचं कशाला?’’ अण्णा मागं वळलेसुद्धा नाहीत. अर्ज केला, जुना फेरफार दाखवला, आणि दोन-तीन महिन्यांनी नाव परत लागलं. आत्याला हे पुढच्या दिवाळीत कळलं.

या प्रसंगाचा अर्थ मला इंजिनिअरिंगला आल्यावर लागला. जमीन जागची हलली नव्हती. हलली होती ती नोंद, आणि हलताना एका माणसाचा हक्क गळाला होता. मशीनला ते कळलं नसतं, कारण मशीनच्या दृष्टीने उतारा व्यवस्थित उघडत होता! चूक सापडली ती मोठ्याने वाचल्यामुळे, आणि ऐकणाऱ्यांत जुनी गोष्ट माहीत असलेला माणूस होता म्हणून.

आपण महसूल खात्याच्या नावाने कितीही बोटं मोडली, तरी फेरफाराच्या पद्धतीत शिकण्यासारखं खूप आहे. तलाठी नोंद घेतो, पण ती मंजूर करतो मंडळ अधिकारी. म्हणजे लिहिणारा आणि शिक्का मारणारा वेगळा. नोंद पक्की होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. त्यामुळे कुणाचं नाव कधी आणि का गेलं, ते पन्नास वर्षांनीही शोधता येतं. लेखनातली चूक दुरुस्त करायची तर जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. कुणी परस्पर खोडरबर चालवायचा नाही. आता हे चार मुद्दे घ्या आणि आपल्या शेअर्ड फोल्डरला लावून बघा.

आम्ही ते लावून बघितले. प्रत्येक फोल्डरसाठी एकाच कागदावर पाच प्रश्न ठेवले. मालक कोण? तो नसेल तर दुसरा कोण? कोण बघू शकतं? कधी काढून टाकायचं? आणि यात नवीन माणूस घ्यायचा, तर हो कुणी म्हणायचं? पहिल्या उत्तरात माणसाचं नाव चालणार नाही, पद लिहायचं, असं ठरवलं. ‘मेस सेक्रेटरी’, ‘रेक्टर कार्यालय’, ‘जिमखाना प्रमुख’. माणूस पासआउट होतो, पद होत नाही.

मग एका रविवारी फीस्टनंतर मेसमध्येच ‘फोल्डर वाचन’ ठेवलं. श्रीखंड-पुरी खाऊन सुस्तावलेली जनता हलणार नाही, हा आमचा हिशोब! तीनशेच्या वर फोल्डर होते. ‘मेस हिशोब फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ अशा तीन शीट, आणि तिन्हींत डिपॉझिटचे आकडे वेगळे. चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या क्लबचं वर्गणीचं खातं. व्हायवाच्या जुन्या प्रश्नांचं एक फोल्डर, ज्याचं नाव वाचताच अख्ख्या मेसमध्ये एकही मालक उरला नाही! हसून हसून पोट दुखलं.

पण पुराच्या यादीवर सगळे गप्प झाले. तिची एक जुनी प्रत ‘लिंक असेल त्या कुणालाही’ उघडी होती. ती लिंक एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेली, आणि त्या ग्रुपवर बाहेरचे क्लासवालेसुद्धा होते. म्हणजे संकटात ज्यांना हवी होती त्यांना यादी बंद, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांना पोरापोरींचे फोन आणि आजार उघडे! एका मुलीने उठून शांतपणे विचारलं, ‘‘माझ्या औषधाचं नाव आत्तापर्यंत किती जणांनी वाचलं?’’ उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तांत्रिक बाजूही थोडी सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे. जाताना फाइल तीच राहते, पण कुलूप बदलतं. ड्राइव्हवर दोघांनाच दिसणारं फोल्डर टीम्सच्या साध्या चॅनलमध्ये ठेवलं, की त्या टीमच्या सगळ्या सभासदांना दिसतं. ते टाळायला प्रायव्हेट चॅनल आधीच आखावं लागतं. शीटला जोडलेल्या स्क्रिप्ट येत नाहीत. मेसचा ठेकेदार बाहेरचा माणूस, त्याला ‘गेस्ट’ म्हणून घ्यायचं की नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. खातं काढून टाकलं तर गूगलवर २० दिवसांत परत आणता येतं, टीम्सवर काढलेला ग्रुप ३० दिवसांत. त्यानंतर देवाला हाक मारा! म्हणून आम्ही ठरवलं, की मालक ठरेपर्यंत फोल्डर हलणार नाही. सतरा फोल्डर असेच अडले. आठवडाभरात चौदांना मालक मिळाले आणि तीन सर्वानुमते पुरले.

आता दुसरी बाजू. सेकंड इयरचा एक जण तावातावाने म्हणाला, ‘‘ही सगळी सरकारी भानगड. उद्या असाइनमेंटचा ग्रुप काढायलाही चार सह्या लागतील!’’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तलाठी कार्यालयाबाहेरची रांग मीही बघितली आहे. नियम जड झाले की माणसं आडवाट धरतात. आपली पोरं गुपचूप व्हॉट्सअॅपवर परत गेली असती आणि सगळा कारभार कागदावर राहिला असता. म्हणून वजन सारखं ठेवलं नाही. अभ्यासाचा ग्रुप कुणीही काढावा, विचारायची गरज नाही. फक्त त्याला १८० दिवसांची मुदत. वापर चालू असेल तर मुदत आपोआप वाढते, नसेल तर मालकाला सूचना जाते आणि मग ग्रुप निघून जातो. ज्यात पैसे आहेत, आजार आहेत, घरचे पत्ते आहेत, तिथं मात्र दोन मालक, ठराविक वाचक आणि लिंक बंद. त्या पोराने कुरकुरत का होईना मान्य केलं, आणि आज तोच आमच्या यादीचा दुसरा मालक आहे.

आता पुराची यादी रेक्टर कार्यालयाच्या नावावर आहे. उघडायला पाच जणांना परवानगी आहे. पावसाळ्यात तिची छापील प्रत बंद पाकिटात ऑफिसच्या वरच्या कपाटात असते, कारण लाइट गेल्यावर टीम्सही नसतं.

पण मित्रहो, एकदा वाचून काम संपत नाही. सातबाऱ्यावरही माणसं जातात, वारस लागतात, फेरफार होतच राहतात. मे महिन्यात आम्ही बाहेर पडू, नवी पोरं येतील आणि पदांवरची माणसं बदलतील. तेव्हा स्टाफला आणि ज्युनिअर मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, कृष्णेला पाणी यायच्या आधी, मेसमध्ये एकदा सगळी यादी मोठ्याने वाचा. तासा-दोन तासांचं काम आहे. आणि वाचताना एखाद्याचं नाव राहिलेलं दिसलं, तर ते आपल्या सोयीचं असो वा नसो, उठून सांगा.

(अंतिम वर्ष, संगणक विभाग)