एक खेळ, अनेक अंगणे

जुन्या फिरत्या नाटकमंडळींच्या एका कसबाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. आज शहरातल्या प्रशस्त रंगमंचावर प्रयोग करावा, आणि आठ दिवसांनी एखाद्या तालुक्याच्या गावी, फळ्या ठोकून उभारलेल्या मांडवात तोच प्रयोग लावावा! राजवाड्याचा पडदा एकच. पण तिथे तो सबंध उलगडायचा आणि इथे खालचा हातभर भाग गुंडाळून ठेवायचा. दरबारातले चार भालदार दोनांवर यायचे, बागेतले कारंजे सामानाच्या पेटीतच राहायचे. नाटक मात्र तेच राहिले पाहिजे. आपल्या पानात शिळे वाढले, असे त्या गावच्या प्रेक्षकाला वाटता कामा नये.

हल्ली हा पेच ज्यांच्या वाट्याला आला आहे ती मंडळी नट नव्हेत. व्हिडिओ गेम तयार करणारे कारागीर आहेत. हे नाव वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांनी पान उलटू नये. गोष्ट खेळाची असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

मुलांनी तो प्रश्न एका शब्दात बसवला आहे: 'चालतो'. मधल्या सुटीत माझ्या वर्गातली मुले कुठला खेळ चांगला ह्यापेक्षा कुठला खेळ कुणाच्या फोनवर चालतो ह्याचीच चर्चा अधिक करतात. एकदा त्यांच्यातल्या एकाला मी विचारले, "काय रे, तू का गप्प?" तो म्हणाला, "सर, बाबांचा फोन जुना आहे. त्याच्यावर लॅग होतो." म्हणजे खेळ अडखळतो, ह्याने बोट उचलेपर्यंत समोरच्याने डाव साधलेला असतो. विटीदांडू खेळताना कुणी कुणाच्या दांडूची किंमत विचारीत नसे. इथे अंगणात पाऊल टाकण्याआधीच यंत्र आडवे येते.

आणि ही अंगणे तरी किती! घरातला संगणक, टीव्हीला जोडायचे प्लेस्टेशन नि एक्सबॉक्स, हातात धरायचे स्विच, आणि शेकडो तऱ्हांचे फोन. प्रत्येकाची स्मरणशक्ती वेगळी, पडदा वेगळा, कळा वेगळ्या. फोनला तर कळाच नाहीत. काचेवर अंगठा ठेवावा, तर शत्रू नेमका त्या अंगठ्याखाली दडलेला! टीव्हीवर लांबून वाचता येणारे अक्षर हातातल्या पडद्यावर मुंगीएवढे होते. 'युनिटी', 'अनरियल' अशी तयार साधने मिळतात. त्यांना इंजिन म्हणतात. त्यांच्या जोरावर एकदा रचलेला खेळ पुष्कळ यंत्रांवर नेता येतो. पण नेता येणे वेगळे आणि तिथे तो रुळणे वेगळे. प्रत्येक यंत्रावर तो पुन्हा खेळून पाहावा लागतो, आणि त्याला माणसे, दिवस नि पैसा लागतोच.

हा पेच आजचा नाही. १९८० साली जपानच्या नाम्को कंपनीने 'पॅक-मॅन' आणला तो नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर. १९८२ साली तो अटारी २६०० ह्या घरगुती यंत्रावर आला. त्या यंत्राची कामापुरती स्मृती किती, तर १२८ बाइट! आजच्या रीतीने देवनागरीची बेचाळीस चिन्हे लिहिली की ती पाटी भरली. मूळ खेळात चार भुते होती. एवढ्या आकृती एकदम दाखवणे त्या यंत्राला झेपेना, म्हणून भुतांना आळीपाळीने पडद्यावर आणावे लागले, आणि ती लुकलुकू लागली. भुतेच ती, लुकलुकणारच, अशी समजूत काही मुलांनी करून घेतली नाही. खेळ लाखांनी खपला, पण पुष्कळांचा हिरमोड करून गेला.

ह्याच्या उलटही घडते. 'रेसिडेंट ईव्हिल २' हा खेळ १९९८ साली प्लेस्टेशनसाठी निघाला तो दोन सीडींवर. एका सीडीत सहाशेहून अधिक मेगाबाइट मावतात. दुसऱ्याच वर्षी तो निंटेंडो ६४ वर आला. त्या यंत्राला सीडी नव्हती. खेळाचे कार्ट्रिज होते ६४ मेगाबाइटचे. ट्रंकेतले सामान पिशवीत भरण्यातलाच हा प्रकार! कारागिरांनी गोष्ट सांगणाऱ्या चित्रफिती गाळल्या नाहीत. दाबून, थोड्या पुसट करून बसवल्या. लखलखाट कमी झाला, गोष्ट राहिली.

मग अलीकडचा दाखला पाहा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ जबर संगणक होते ते त्यातले दिव्यांचे शहर पाहून हरखले. २०१३ सालच्या पिढीची प्लेस्टेशन ४ नि एक्सबॉक्स वन ही यंत्रे घेऊन बसलेल्यांपुढे मात्र तो अडखळत, मधेच बंद पडत आला. आठवडाभरात, १७ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. तो तिथे पुन्हा दिसला २१ जून २०२१ रोजी.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आणि सप्टेंबरात प्लेस्टेशन ५ वर आला. एक्सबॉक्सची मात्र दोन भावंडे: थोरले सीरीज एक्स १६ गिगाबाइट स्मृतीचे, आणि धाकटे, स्वस्त, सीरीज एस १० गिगाबाइटचे. दोघांनाही सारखेच वाढले पाहिजे, असा मायक्रोसॉफ्टचा दंडक. पडद्याचे दोन भाग करून दोघांनी शेजारी बसून खेळायची सोय धाकट्याला पेलेना. तेव्हा थोरल्यालाही खोळंबावे लागले. अखेर त्या एका सोयीपुरती सूट मिळाली आणि डिसेंबरात खेळ दोघांवर आला. कच्च्या मुलासाठी थांबावे तर हुशार मुले जांभया देतात, आणि हुशारांबरोबर धावावे तर कच्चा मागे राहतो, हे दुखणे मास्तरांना नवे नाही. राहिलेली ती सोय एप्रिल २०२५ मध्ये धाकट्यालाही मिळाली, हे वाचून मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

आपल्या पुण्यातही हे काम चालते. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची, आपल्या पुराणांच्या रंगात रंगवलेली 'राजी' ही गोष्ट नोडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम स्विचवर आणली. ऑक्टोबरात ती संगणकावर, प्लेस्टेशनवर नि एक्सबॉक्सवर गेली. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. हात थोडे असले की फराळाची ताटे सगळ्या घरी एकाच सकाळी पोहोचत नाहीत. आधी एक घर नीट करावे, मग पुढचे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ह्या धंद्याला अर्धीच लागू पडते. कारण इथे पाय आपले आणि अंथरूण गिऱ्हाइकाचे! थोरल्या यंत्रासाठी ऐसपैस बेतलेला खेळ शेवटच्या महिन्यात धाकट्यासाठी कापायला बसले, तर कात्री जीवावरच चालते. म्हणून काय गेले तरी चालेल हे पहिल्याच दिवशी ठरवावे. पाण्यातली प्रतिबिंबे जावोत, बाजारातली गर्दी विरळ होवो. पण कळ दाबताच उडी बसली पाहिजे. आणि तेही जमणार नसेल, तर 'ह्या यंत्रावर हा खेळ येणार नाही' असे सरळ सांगावे. नकाराने मूल घटकाभर खट्टू होईल. पैसे घेऊन मोडका खेळ हाती दिला, तर ते फसवले जाते, आणि फसवणूक मुले लवकर विसरत नाहीत.

दिवाळीत आपल्याकडे पंगती बसतात. वाढणारा कसा आहे, हे पहिल्या पानावरून कळत नाही. तिथे तूप सढळ हातानेच पडते. शेवटच्या पानापर्यंत भात ऊन पोहोचला का, हे जाऊन पाहावे लागते. जुना फोन घेतलेला मुलगा तिथे बसलेला असतो.