फळ्यावरचा रविवार

माझं अक्षर सुंदर आहे. सुंदर अक्षराचा माणूस आयुष्यात पुढे जात नाही. त्याला लोक लिहायला बसवतात. शाळेत मी वर्गाचा सुविचार लिहायचो, कॉलेजात दुसऱ्यांची जर्नलं लिहायचो. आता बँकेत सगळं संगणकावर गेल्यामुळे तिथे माझ्या अक्षराला सहीपुरतंच काम उरलं आहे. पण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे आणि गेली अकरा वर्षं मी त्याचा बिनपगारी संपादक, मुद्रक आणि खडूवाहक आहे.

फळ्यावरचं वाङ्मय ठरलेलं. ‘उद्या पाणी येणार नाही.’ ‘गच्चीवरचे पापड ज्याचे त्यानेच न्यावेत.’ ‘मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची नावे येथे लिहिली जातील.’ (ती कधीच लिहिली गेली नाहीत, कारण यादीतलं पहिलं नाव कमिटीतच बसतं.) उरलेल्या जागेत सुविचार. ‘नेहमी खरे बोलावे’ हे मी त्या फळ्यावर निदान चाळीस वेळा लिहिलं असेल. त्याचा कुणाला त्रास झाल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या जूनच्या अखेरची गोष्ट. रविवार, सकाळचे नऊ, म्हणजे माझी मध्यरात्र. सातवीतल्या चिरंजीवांनी पांघरूण ओढलं.

“बाबा, रविवारची सुटी कुणी दिली?”

“बँकेने,” मी डोळे न उघडता म्हणालो.

“चूक. नारायण मेघाजी लोखंडे. माझा प्रोजेक्ट आहे त्यांच्यावर. उद्या द्यायचाय.”

प्रोजेक्ट देतात मुलांना आणि करावा लागतो आईबापांना, हे आपण जाणताच. मी उठलो. वाचायला लागलो आणि हळूहळू शरमलो. जन्मल्यापासून दोनएक हजार रविवार मी उपभोगले, पण ते आले कुठून याची कधी चौकशी केली नव्हती. खात्यात पैसे जमा झाले की ते कुणी भरले हे गिऱ्हाईक विचारत नाही, तसंच.

आमच्यासारख्या कचेरीवाल्यांचं सोडा. साहेब रविवारी चर्चमध्ये जायचा, म्हणून सरकारी कचेरीला कुलूप लागायचं आणि कारकुनाला सुटी आपसूक मिळायची. मुंबईच्या गिरणीतल्या माणसाच्या आठवड्याला मात्र शेवटच नव्हता. उजाडलं की आत, मावळलं की बाहेर. सणासुदीला गिरणी बंद असली तरी यंत्रं साफ करायला जायचं. हे बदललं पाहिजे असं म्हणणारे लोखंडे कोण? वकील नव्हेत, संस्थानिक नव्हेत. आधी रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे नोंदी ठेवणारा माणूस! आमच्याच गोत्रातला! मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

आणि या माणसाच्या हातात होतं काय, तर ‘दीनबंधु’ नावाचं एक लहानसं साप्ताहिक. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढलं, चालवता चालवता ते मेटाकुटीला आले, आणि १८८० पासून लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचं पत्र. शेतकरी आणि गिरणीतला माणूस हा त्याचा विषय. आता गंमत बघा. ज्यांच्यासाठी हे पत्र निघायचं, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यांना ते कुणी वाचून दाखवेल तेव्हा कळणार. असली माणसं खपाच्या आकड्यात धरली जात नाहीत. सभेला मात्र तीच येतात.

१८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा अर्ज केला. अर्जावर साडेपाच हजार सह्या! (आमच्या शाखेत पंखा दुरुस्तीच्या अर्जावर आठ सह्या मिळवायला तीन आठवडे लागले. त्यातल्या दोघांनी पेन्सिलीने केल्या.) मागण्या तरी केवढ्या? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, काम करताना इजा झाली तर भरपाई. त्यातल्या पहिल्या मागणीला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकाही सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुटी आली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, असं लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. माणूस हिशेबी होता. चर्च आणि जेजुरी दोन्ही खाती त्याने एकाच वारावर टॅली केली.

एवढं वाचून मी पाव आणायला खाली उतरलो. फाटकावर वॉचमनमामा. त्यांनी नेहमीप्रमाणे सलाम केला. मी सहज विचारलं, “मामा, तुमची सुटी कुठल्या वारी?”

“कसली सुटी?”

“आठवड्याची.”

मामा हसले. “गावाकडं कुणी मेलं की, साहेब.”

रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, सहा वर्षं. आणि या सहा वर्षांत माझ्या हातात खडू होता.

रात्री अकरा वाजता, जिन्यात कुणी नाही असं बघून, मी सुविचाराच्या जागी लिहिलं: ‘१० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. आपल्या फाटकापर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.’

सकाळी फळ्यापुढे ही गर्दी! अकरा वर्षांत माझा फळा एवढा कुणी वाचला नव्हता. सेक्रेटरीसाहेब पायजम्यावरच खाली आले.

“हे कुणी लिहिलं?”

आता सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, “काही कल्पना नाही.” बँकेत वीस वर्षं सह्या ताडून बघणारा माणूस स्वतःचं अक्षर ओळखेना! सेक्रेटरींनी माझ्याकडे एकदा आणि फळ्याकडे एकदा बघितलं आणि डस्टरने सगळं पुसलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. लोखंड्यांनी सहा वर्षं काढली. माझी चळवळ आठ तासांत आटोपली.

मंगळवारी सकाळी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर! अक्षर माझं नव्हतं. ‘ळ’ची गाठ जरा जास्त मोठी होती. ती गाठ मी किराणामालाच्या यादीत ‘गूळ’ आणि ‘डाळ’ या शब्दांत पंधरा वर्षं बघतो आहे. मी घरात येऊन सौभाग्यवतींकडे बघितलं. ती पोहे परतत म्हणाली, “काय बघताय? खडू संपत आलेत. येताना आणा.”

सेक्रेटरींनी तेही पुसलं. बुधवारी तेच वाक्य तिसऱ्या अक्षरात, तिरकं चढत गेलेलं, ‘रवीवार’ असं दीर्घ. शुक्रवारपर्यंत त्याच्याखाली आणखी दोन-तीन अक्षरांत ‘बरोबर’, ‘सहमत’ असं आलं. आणि एकाने ‘मग फाटकावर कोण बसणार?’ असंही लिहिलं. अखेर कमिटीची सभा लागली. बदली माणूस ठेवायचा तर माणशी वर्गणी वाढते, म्हटल्यावर सहमत असलेल्यांचे आवाज बसले. शेवटी ठराव झाला: मामांना रविवारची सुटी, पगार न कापता, आणि त्या दिवशी सभासदांनी पाळीपाळीने फाटक सांभाळावं.

“सुरुवात कुणी करायची?” कुणीतरी विचारलं.

सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे बघून गोड हसले. “ज्यांचं अक्षर चांगलं आहे, त्यांनी. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी कराव्या लागतात.”

त्या रविवारी सकाळी सात वाजता मी फाटकावर स्टुलावर बसलो होतो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, हे सहा वर्षांत मला ठाऊक नव्हतं. दहाच्या सुमाराला मामा मागच्या खोलीतून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात खाऊची पिशवी. कल्याणला लेकीकडे निघाले होते. सवयीने त्यांचा हात कपाळाकडे गेला, पण त्याआधीच मी उठून उभा राहिलो होतो. दोघेही ओशाळलो.

“साहेब, जेवायच्या वेळेला येऊ का सोडवायला?” त्यांनी विचारलं.

“रात्रीपर्यंत यायचं नाही,” मी म्हणालो. आणि रजिस्टरमध्ये माझ्या सुंदर अक्षरात नोंद केली: ‘वॉचमन. बाहेर. कारण: रविवार.’

चिरंजीवांचा प्रोजेक्ट परत आला आहे. बाईंचा शेरा आहे: ‘माहिती चांगली. “रविवार”चा वि ऱ्हस्व. अक्षर सुधारावे.’

ऱ्हस्व-दीर्घाचं मी बघेन. अक्षराचं मात्र राहू द्यावं म्हणतो.