अग्निसाक्ष आणि कागदसाक्ष

लग्न झालें हें सिद्ध करून दाखविण्याची पाळी आमच्या लोकांत पूर्वीं फारशी कोणावर येत नसे. मांडवांत दोनतीनशें पानें उठत, भटजी दक्षिणा घेऊन जात, आणि ज्यांना आमंत्रण पोंचलें नाहीं असे पांचदहा आप्त पुढें दहा वर्षें रुसून बसत. लग्नाला याहून बळकट पुरावा तो कोणता हवा? पण मुलगी समुद्रापलीकडे द्यावयाची ठरली कीं हा सारा पुरावा कवडीमोल होतो. अग्नि साक्षीला होता खरा. परंतु अग्नीला सही करतां येत नाहीं, आणि त्याचा जबाब कोणतीहि कचेरी दाखल करून घेत नाहीं.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतून आपल्या मंडळींचें असें घर आतां विरळाच, कीं ज्याच्या नात्यांतलें कोणी परदेशीं नाहीं. तेव्हां मी पुढें सांगणार आहें त्यांतलें पुष्कळसें वाचकांना परिचयाचें वाटेल. ज्यांना वाटणार नाहीं, त्यांच्या मुली बहुधा अजून लहान असतील.

आमच्या मुलीचें लग्न २०१८ च्या डिसेंबरांत मुलुंडला झालें. जांवई न्यू जर्सींत नोकरीला. अमेरिकेंत कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ज्याला आपण सगळे ग्रीन कार्ड म्हणतों तो, त्यांना मिळून थोडाच काळ लोटला होता; नागरिकत्वाला अजून अवकाश होता. हा भेद आम्हांला लग्न ठरवितांना ठाऊक होता, पण त्याचा पुरता अर्थ पुढें दिवसादिवसानें उलगडत गेला. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. तिचे कागद पुरे झाले कीं तिची पाळी आली. कायम रहिवाशाच्या पत्नीचें तसें नाहीं. तिचा वर्ग निराळा. त्याला ‘एफ-२-ए’ असें रुक्ष नांव आहे. दरसाल त्यांतून किती जणांना घ्यावयाचें याला मर्यादा आहे, आणि नवऱ्याचा अर्ज ज्या दिवशीं दाखल झाला ती तारीख हीच तिची रांगेंतली जागा. अमेरिकेचें परराष्ट्र खातें दरमहा एक पत्रक काढतें. कोणत्या वर्गाची रांग कोणत्या तारखेपर्यंत सरकली तें त्यांत दिलेलें असतें. आमच्या घरीं या पत्रकाला पंचांगाचा मान मिळाला. फरक इतकाच, कीं पंचांगांतला मुहूर्त कधीं मागें सरत नाहीं आणि या पत्रकांतला सरतो.

जांवयांनीं ‘आय-१३०’ नांवाचा अर्ज २०१९ च्या जानेवारींत धाडला. त्याच वर्षाच्या जुलै महिन्याच्या पत्रकांत या वर्गापुढें तारखेच्या जागीं ‘सी’ हें एकच अक्षर आलें. म्हणजे रांगच उरली नाहीं, कागद झाले कीं चला. सौ.नें त्या संध्याकाळीं देवापुढें साखर ठेवली. अर्जाला मंजुरी मिळून पुढचा व्यवहार न्यू हँपशायरमधील पोर्टस्मथच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे गेला तेव्हां दिवाळी आली होती.

आणि मग कागद! मुलीचा जन्म १९९२ सालचा, दादरला आजोळीं. म्हणून जन्माचा दाखला महापालिकेच्या जी-उत्तर विभागाचा. लग्न मुलुंडला; म्हणून तो दाखला टी विभागाचा. विवाहनोंदणीचा आपल्या राज्याचा कायदा १९९८ चा आहे. त्याप्रमाणें वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी अशा सर्वांच्या सह्या लागतात. आमच्या भटजींचा तो लग्नसराईचा काळ. एका मुहूर्तावरून दुसऱ्या मुहूर्ताकडे जातांना स्कूटरवर बसल्याबसल्याच त्यांनीं सही ठोकली आणि ‘शुभं भवतु’ म्हणून ते निघून गेले. अंधेरीच्या पासपोर्ट सेवा केंद्रांत अर्ज करून, ही मुलगी गुन्हेगार नाहीं असा दाखला आणावयाचा. चौकशीस आलेल्या पोलिसानें चहा घेतां घेतां, ‘ताई, तिकडे थंडी फार असते हो,’ एवढाच अधिक प्रश्न, किंवा उपदेश म्हणा, केला. जांवयांकडून उत्पन्नाचे कागद आले. बायकोला पोसण्याइतकें उत्पन्न असलें पाहिजे, आणि तें तिकडच्या सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्याच्या रेषेच्या निदान सव्वापट हवें, असा दंडक आहे. हा दंडक वाचून माझी आई म्हणाली, ‘तुझ्या वेळीं तो असता तर तुला कोणी मुलगी दिली नसती.’

खरी अडचण निघाली ती मुलीच्या आईच्या नांवाची. आपल्यांत लग्नांत मुलीचें नांव बदलतात. ताटांत तांदूळ पसरून नवरा अंगठीनें नवें नांव लिहितो, सगळीं वाकून पाहतात, पेढे वाटले जातात, आणि तांदळांतलें तें नांव पुसलें गेलें तरी जन्मभर टिकतें. आमच्या सौ.चें माहेरचें नांव एका नदीचें आणि सासरचें एका देवीचें. पहिलें बाळंतपण माहेरचें. जन्माची नोंद करावयास तिचे वडील गेले, आणि त्यांच्या तोंडीं लेकीचें लहानपणापासूनचेंच नांव होतें. त्यामुळें मुलीच्या पासपोर्टावर आईचें नांव देवीचें आणि जन्माच्या दाखल्यावर नदीचें. कागदांच्या हिशेबानें माझ्या मुलीला दोन आया आणि मला दोन बायका! शेवटीं मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र केलें, कीं ही आणि ती एकच. नोटरीपुढें सौ.नें तें मोठ्यानें वाचलें. त्या जुन्या नांवापाशीं ती किंचित् थांबली. घरीं येतांना रिक्षांत म्हणाली, ‘आई गेल्यापासून त्या नांवानें मला कोणी हांक मारली नव्हती. आज मींच मारली.’

मला त्या वेळीं आनंदीबाई जोश्यांची आठवण झाली. कल्याण आमच्यापासून लोकलनें तासाच्या आंतलें. तेथली, १८६५ सालीं जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, नवऱ्याला मागें ठेवून १८८३ सालीं आगबोटीनें एकटी अमेरिकेस गेली, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळवून बसली. तिला व्हिसा नांवाची वस्तु लागली नाहीं. यमुना आणि आनंदी एकच हें तिला कोणापुढें प्रतिज्ञेवर सांगावें लागलें नाहीं. तिच्या वाटेंत अडचणी कमी होत्या असें नव्हे. आपण कां जात आहों याची जाहीर कैफियत तिला श्रीरामपूरला व्याख्यान देऊन मांडावी लागली होती, पण ती आपल्याच लोकांपुढें. त्या देशानें हिंदी माणसाला दार लावून घेतलें तें पुढें १९१७ सालीं. १९४६ च्या कायद्यानें तें वर्षाला शंभर जणांपुरतें किलकिलें झालें, आणि १९६५ च्या कायद्यानें खरोखर उघडलें. आज कागदांना कंटाळणाऱ्यांनीं तो शंभराचा आंकडा एकदां मनांत आणावा.

आमच्या मुलीच्या लग्नांत तांदळांचें ताट पुढें आलें तेव्हां जांवयांनीं तिचें आहे तेंच नांव लिहिलें. विहीणबाईंनीं कौतुकानें मान डोलावली. पासपोर्टावरचें नांव बदलूं नका, असा सल्ला त्यांनाहि कोणीतरी दिलेला होता. सुधारकांच्या व्याख्यानांनीं आमच्या घराण्यांत जें साधलें नव्हतें तें एका निळ्या पुस्तिकेनें साधलें.

पण हे झाले माणसाचे कागद. लग्न खरें असल्याचे कागद निराळे. जांवयांनीं वकिलाच्या सांगण्यावरून यादी पाठविली: दोन्ही कुटुंबें एकत्र असलेलीं छायाचित्रें, एकमेकांना केलेल्या फोनांच्या नोंदी, पत्रें, पाठविलेले पैसे, प्रवासाचीं तिकिटें. मला प्रथम राग आला. परंतु शांतपणें पाहिलें तर हा संशय अगदींच अनाठायीं नाहीं. परवान्यासाठीं खोटीं लग्नें होतात; म्हणूनच १९८६ सालीं अमेरिकेनें कायदा केला, कीं लग्नाला दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत पत्नी तेथें पोंचली तर तिचें कार्ड दोन वर्षांपुरतें सशर्त राहील, आणि मुदतीच्या अखेरीस संसार खरा असल्याचें पुन्हां दाखवावें लागेल. शिवाय हळदीच्या अंगानें मुलीला मागें टाकून विमानांत बसलेले आणि मग ठावठिकाणा न देणारे आपलेच जांवई कांहीं थोडे नाहींत. २००६ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असें सांगितलें तें उगीच नव्हे. टाकलेल्या मुलीच्या हातांत होमाची राख काय कामाची? तेथें कागदच हवा.

आमची अडचण निराळीच होती. पुरावा मागावा इतका संसार मुळीं झालाच नव्हता. लग्नानंतर तीन आठवडे, आणि पुढल्या वर्षीं दिवाळीला जांवई आले तेव्हांचे दोन. मुलीला पर्यटक म्हणून जातां येईना. जी कायमची राहावयास येणार असें दप्तरीं लिहिलेलें आहे, ती चार दिवसांत परत जाईल यावर तेथले अधिकारी सहसा विश्वास ठेवीत नाहींत.

२०२० च्या फेब्रुवारींत पोर्टस्मथहून कळलें, कीं कागद पुरे आहेत, आतां मुंबईच्या वकिलातींत मुलाखतीची तारीख मिळेल. मुलीनें नोकरीचा राजीनामा दिला. सौ.नें भाजणी आणि मेतकूट दळून आणलें. मार्चांत करोनाची साथ आली. वकिलातींचीं नित्याचीं कामें थांबलीं, विमानें बंद झालीं. आणि २२ एप्रिलला अध्यक्ष ट्रंप यांनीं जाहीरनामा काढून कायम वास्तव्यासाठीं येणाऱ्यांचे व्हिसे रोखले. नागरिकांच्या पत्नी त्यांतून वगळल्या होत्या. कायम रहिवाशांच्या वगळल्या नव्हत्या. प्रथम साठ दिवस, मग वर्षअखेर, मग २०२१ चा मार्चअखेर, अशी मुदत वाढत गेली.

त्या दिवसांचें वर्णन मला नीटसें करतां येणार नाहीं. लग्न झालेली मुलगी माहेरीं असते ती पाहुणी म्हणून. चार दिवस लाड होतात आणि ती जाते. आमची जाईना. तिला धड माहेरवाशीण म्हणवेना आणि धड सासुरवाशीणहि. ‘केव्हां निघणार?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न प्रेमाचाच होता, पण तो टाळण्यासाठीं ती गच्चीवर फिरावयास रात्रीं जाऊं लागली. माझी आई गुहागरची. ती म्हणे, ‘आमच्याकडेहि नवरे मुंबईस आणि बायका कोंकणांत अशींच वर्षें जात. पण मनीऑर्डर आली कीं समजत असे, माणूस आहे, आठवण आहे. तुमचें हें कशावरून समजावयाचें?’

फोन रोज येई. आमचे सकाळचे साडेसात म्हणजे तिकडे रात्रीचे दहा. थंडींत त्यांचीं घड्याळें मागें गेलीं कीं नऊ. त्या वर्षीं नवरात्रांत आठ दिवस फोन वाजत राहिला आणि तिनें उचलला नाहीं. दोन खोल्यांच्या घरांत अशी गोष्ट लपत नाहीं. सौ.नें दोनदां विचारलें, दोनदां उत्तर मिळालें नाहीं. नवव्या दिवशीं ती मला म्हणाली, ‘बाबा, त्या फाइलींत त्यांच्याविषयीं जें लिहिलें आहे, त्याहून अधिक मला कांहींच ठाऊक नाहीं. मी कोणाची वाट पाहतें आहें?’ याला बापानें काय उत्तर द्यावें? दुपारीं जांवयांचा मलाच फोन आला. तिकडे अपरात्र असावी. म्हणाले, ‘बाबा, मार्चअखेरपर्यंत कांहीं झालें नाहीं तर मी नोकरी सोडून परत येतों. तिला सांगा. माझ्याशीं बोलत नाहीं ती.’ मीं फोन तिच्या हातांत दिला आणि गॅलरीचें दार लोटून घेतलें. दोन तास तीं बोलत होतीं. काय बोललीं तें मला ठाऊक नाहीं, आणि फोनांच्या नोंदींत फक्त मिनिटें लिहिलेलीं असतात.

त्यानंतर कांहींतरी बदललें खरें. दोघांनीं ठरविलें होतें, कीं रविवारखेरीज व्हिसा हा शब्द उच्चारावयाचा नाहीं. मग बोलणीं निराळींच ऐकूं येऊं लागलीं. फोडणींत हिंग आधीं कीं मोहरी, पोह्यांना पाणी किती, वरच्या मजल्यावरचा म्हातारा बर्फ काढतांना घसरून पडला त्याचें काय झालें. भांडणें सुद्धां होऊं लागलीं, चांगलीं खणखणीत. सौ. मला हळूच म्हणाली, ‘आतां काळजी नाहीं.’

२४ फेब्रुवारी २०२१ रोजीं अध्यक्ष बायडन यांनीं तो जाहीरनामा रद्द केला. परंतु एप्रिलांत साथीची दुसरी लाट आली, आणि मुलाखतीची तारीख लागली ती ऑक्टोबरांत. तोंवर पोलिसांचा दाखला जुना झाला होता; तो पुन्हां काढला.

वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या वकिलातींत बाहेरच्यांना प्रवेश नाहीं. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलों. माझ्यासारखे आणखी दहाबारा बाप तेथें उभे होते, आणि कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. मुलीच्या हातांत दोनशें चौदा पानांची फाइल होती. ती परत आली तेव्हां ती फाइल होती तशीच, दोरीसुद्धां सुटलेली नव्हती. अधिकारीणबाईंनीं तिला तीन प्रश्न विचारले होते: प्रथम भेट कोठें झाली, लग्नाला माणसें किती होतीं, आणि सुटीच्या दिवशीं नवरा काय करतो. मुलीनें सांगितलें, ‘रविवारीं पोहे करतो. दर रविवारीं ते खालून लागतात.’ बाई हंसल्या म्हणे. लग्नाला तीन वर्षें होत आलीं होतीं, म्हणून कार्ड विनाअट मिळालें. तेवढा एक हेलपाटा त्या दीर्घ विलंबानेंच वांचविला. डिसेंबरांत ती गेली. मेतकूट नवें दळावें लागलें.

त्या वर्गाची रांग २०२३ च्या एप्रिलांत पुन्हां मागें गेली. परवां बोरिवलीचे एक स्नेही फाइल पाहण्यास आले होते. त्यांच्या मुलीचें येत्या मार्गशीर्षांत लग्न आहे, जांवई तसाच, नागरिक नसलेला. कोणता कागद कोणत्या कागदानंतर लावावा हें समजावें म्हणून मीं त्यांना ती फाइलच देऊन टाकली. घरीं जाऊन त्यांनीं फोन केला, कीं अनुक्रमांत आईच्या नांवाचें प्रतिज्ञापत्र आहे म्हणून लिहिलें आहे, पण तें पान सांपडत नाहीं. मीं सौ.ला विचारलें. तें तिनें केव्हांच काढून घेतलें होतें. देवघराच्या खणांत, तिच्या आईच्या स्तोत्रांच्या वहींत तें घडी करून ठेवलेलें आहे.