उन्हाळ्यात चाकात हवा किती ठेवावी?



मी पंचायत समितीतला विस्तार अधिकारी (कृषी). तुम्ही मला संत्र्यावरच्या डिंक्याविषयी विचारावे, कपाशीच्या बोंडअळीविषयी विचारावे, हे ठीकच आहे. पण अलीकडे काटोल-नरखेडकडच्या गावांत सभा आटोपून चहा सुरू झाला की जो प्रश्न हमखास निघतो, तो मोटारीच्या चाकांचा. त्याला कारणही तसेच आहे. आता गावात दहा-बारा दारांपुढे मोटार उभी दिसते, बहुतेक जुनी घेतलेली. आणि नागपूरजवळ शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग निघाला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत पोचला. पूर्वी जी पोरगी दूर दिली असे वाटायचे, तिच्या घरी आता सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येते.

प्रश्न असा असतो, "साहेब, उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा लागते ना? नाही तं टायर फुटते."

बंधूंनो, याचे उत्तर सरळ सांगतो. नाही. कमी हवेनेच टायर फुटते.

ही समजूत वेडेपणाची आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्यामागे तुमचा अनुभव आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात काम करताना आपण बारा-चौदा पौंडच हवा ठेवतो, कारण चाक थोडे पसरले की माती धरते, घसरत नाही, जमीनही कमी दबते. ते अगदी बरोबर आहे. शिवाय तापली की हवा फुगते, हेही खरे. तेव्हा आधीच थोडी सोडून ठेवावी, असा हिशेब मनात येणे साहजिक आहे. पण ट्रॅक्टर शेतात ताशी पाच-सहा किलोमीटरने चालतो आणि मोटार महामार्गावर शंभराने. सगळा फरक इथेच पडतो.

कुंपणाची तार हाताने तोडायची असली की आपण काय करतो? एकाच जागी मागे-पुढे वाकवतो. दहा-वीस वेळा वाकवली की ती जागा बोटाला चटका देते आणि मग तुटते. टायरच्या बाजूच्या भिंतीचे तसेच आहे. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की पुन्हा सरळ होतो. हवा पुरेशी असली तर ही वाक थोडी असते. कमी असली तर पुष्कळ. लहान मोटारीचे चाक शंभराच्या वेगाला सेकंदाला सुमारे पंधरा वेळा फिरते. म्हणजे एका तासात पन्नास हजारांवर वाका! त्या वाकण्यातून जी उष्णता निघते ती बाहेरच्या उन्हावर आणखी चढते, आतले धागे रबरापासून सुटतात आणि भिंत फाटते. फुगलेल्या हवेचे म्हणाल तर, चांगले टायर तेवढा वाढीव दाब सोसण्यासाठीच बनवलेले असते. सकाळी २८ अंशांत ३३ पौंड भरलेली हवा दुपारी रस्त्यावर टायरच्या आत ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ३८ होतो. पाच पौंडांची वाढ. एवढ्याने धड टायर फुटत नाही. म्हणून तापलेल्या चाकातली हवा पंपावर उभे राहून कधीही सोडू नये.

आपल्या नागपूरचे ऊन काही वेगळे सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. त्यात समृद्धीचा रस्ता सिमेंटचा आणि सरळ; मोटारीला १२० ची मुभा, वळणे थोडी, त्यामुळे वेग तासन् तास उतरतच नाही. टायर फुटल्याच्या बातम्या पहिल्या उन्हाळ्यापासून येऊ लागल्या. २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसे महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासू लागली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवू लागली. अर्थात प्रत्येक अपघात टायरच्या खाती मांडू नये. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसे गेली, तेव्हा आधी टायर फुटल्याचेच सांगितले गेले. पुढे परिवहन खात्याच्या अहवालाने ते मान्य केले नाही. माणसाला डुलकी लागते, रस्ता एकसुरी असतो. तो निराळाच विषय आहे.

आता एक घडलेली गोष्ट. आमच्या भागातले एक संत्रा बागायतदार, नाव सांगत नाही, २०२४ च्या एप्रिलात मुलीच्या सासरी छत्रपती संभाजीनगरला निघाले. मोटारीत पाच माणसे आणि मागे मृग बहराच्या संत्र्यांचे आठ क्रेट. क्रेट वीस किलोचा धरा, माणूस साठचा धरा; साडेचारशे किलोच्या वर ओझे झाले. अशा भरलेल्या गाडीला हवा रोजच्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त लागते, हे गाडीच्या पुस्तकात आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीतही छापलेले असते. पंपावरच्या पोराने ३३ विचारले. हे म्हणाले, "अठ्ठावीसच ठेव, पुढे रस्ता तापते." कारंजाच्या अलीकडे मागचे डावे चाक फुटले, गाडी फिरली आणि कठड्यावर आदळली. बाकीचे खरचटून सुटले. वहिनींचे मांडीचे हाड मोडले. सळी घातली, आठ महिने त्या खाटेवर होत्या. त्या बागेतली खुरपणी, तोडणी, मजुरांचा हिशेब सगळा त्या बाईंच्या हाती होता. त्या वर्षीचा आंबिया त्यांनी ओसरीतून पाहिला. मी भेटायला गेलो तेव्हा फुटलेले टायर गोठ्याशी पडले होते. आत हात घातला तर रबराचा काळा भुगा हाताला लागला आणि भिंतीवर आतून गोल पट्टा घासलेला दिसला. हवेवाचून दबून चाललेल्या टायरची ती खूणच असते.

त्या घरून परतताना मी विचार केला, की मी सकाळी ३३ भरतो ते ठीक. पण दुपारी दोन वाजता चाकात किती आहे हे मला कोण सांगणार? बागेत ओल किती हे बोट घालून कळत नाही म्हणून आपण टेन्शिओमीटर रोवतो, पाऊस अंदाजे सांगता येत नाही म्हणून पर्जन्यमापक ठेवतो. मग चाकासाठी का नको? नव्या, महागड्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारे यंत्र, ज्याला टीपीएमएस म्हणतात, ते कारखान्यातूनच येते. माझी गाडी नऊ वर्षांची. तिला ते वरून बसवून घेतले.

हे यंत्र जगात सक्तीचे का झाले, ती हकिगत आपल्या उन्हाळ्याशी जुळणारी आहे. अमेरिकेत २००० साली उघडकीस आले, की एका जातीच्या मोठ्या गाड्यांच्या टायरांचा वरचा पट्टा धावताना सुटत होता, गाड्या उलटल्या, दोनशेहून अधिक माणसे दगावली. फायरस्टोन कंपनीने लाखो टायर परत मागवले. टायर बनवण्यात दोष होताच. पण गाडी बनवणाऱ्या फोर्डने २६ पौंड हवा सुचवली होती आणि टायरवाल्यांचे म्हणणे ३० हवी होती, असाही वाद झाला. आणि बहुतेक अपघात त्या देशाच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांतले होते. त्याच साली तिथे कायदा झाला, आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लागलाच पाहिजे असे ठरले. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्राने नियम केला, की ज्या मोटारीत हे यंत्र, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर काढण्याचे साहित्य आहे, तिला स्टेपनी नसली तरी चालेल. मी मात्र स्टेपनी ठेवतोच. आपल्या पांदणीत स्टेपनीवाचून जाणे मला पटत नाही.

वरून बसवायच्या यंत्राचे दोन प्रकार आहेत. एकात टायर उतरवून आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी यंत्र बसवतात. ते चोरीला जात नाही, मोजतेही नीट. पण खर्च जास्त, आणि पाच-सात वर्षांनी त्यातली बॅटरी संपली की बहुधा ते सगळेच बदलावे लागते. दुसरा प्रकार म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपीऐवजी बसणाऱ्या चार टोप्या. प्रत्येक टोपी बिनतारी लहरींनी काचेजवळ ठेवलेल्या छोट्या पाटीला आकडा कळवते. पाटी उन्हावर चालते, टोपीत घड्याळासारखी गोल बॅटरी असते, ती घरीच बदलता येते. दोन-तीन हजारांपासून हे मिळते. मी हेच घेतले, आणि जुन्या गाडीला हेच पुरेसे आहे असे माझे मत आहे.

मात्र टोपी बसवली आणि झाले, असे नाही. जुन्या गाडीचे रबरी व्हॉल्व्ह उन्हाने कडक झालेले असतात. वेगात चाक फिरताना टोपीचे वजन व्हॉल्व्हला बाहेर ओढते, आणि चिरलेला व्हॉल्व्ह तिथेच हवा सोडतो. मग यंत्रच रोगाचे कारण व्हायचे! म्हणून आधी चारही व्हॉल्व्ह बदलून घ्यावेत, शक्य तर आखूड धातूचे. टोपी आवळल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. कोणती टोपी कोणत्या चाकाची हे त्यावर लिहिलेले असते. चाके अदलाबदल केली तर टोप्याही बदलाव्यात, नाही तर डावीकडचे दुखणे उजवीकडे दिसेल.

मग इशाऱ्याचे आकडे बसवायचे. कारखान्यातून आलेले आकडे तुमच्या गाडीचे असतीलच असे नाही. दारावरच्या चिठ्ठीत ३३ असेल तर खालचा इशारा २७ वर आणि वरचा ४२ वर ठेवावा. वरचा ३६ वर ठेवलात तर मे महिन्यात पाटी दिवसभर ओरडेल, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तिचा आवाज बंद कराल. तापमानाचा आकडाही पाटी दाखवते, पण टोपी बाहेर वाऱ्यात असते. टायरच्या पोटातली उष्णता तिला खरी कळत नाही. त्या आकड्यावर विसंबू नये.

मला त्याचा उपयोग पहिल्याच हिवाळ्यात झाला. नागपूरहून निघालो, वर्धा मागे पडली, आणि मागचे उजवे चाक ३५ वरून ३३, मग ३१ असे उतरू लागले. बाकीची तीन जागच्या जागी. गाडी हाताला काहीच सांगत नव्हती, सौभाग्यवती पाटीकडे बघून आकडे मोजत होती. वेग साठावर आणला आणि धामणगावला खाली उतरलो. बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, आदल्या दिवशीच्या शिवारफेरीतला.

काही गोष्टी हे यंत्र सांगत नाही. टायर म्हातारे झाले हे सांगत नाही. ते भिंतीवर वाचावे लागते: चार आकडी खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. जुनी गाडी घेताना टायर काळे कुळकुळीत पॉलिश केलेले असतात, त्याला भुलू नका, ही खूण पाहा. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बाद. भिंतीला चीर किंवा फुगोटा असेल तर हवा ३३ असूनही ते टायर महामार्गावर नेऊ नये. आणि तुरीचे चार कट्टे जास्त टाकले तर पाटी तक्रार करणार नाही. ओझे तुम्हीच मोजायचे.

त्या बागायतदारांनीही दुसऱ्या गाडीला चार टोप्या बसवल्या आहेत. वहिनी आता काठी घेऊन चालतात. नववीतली नात रोज सकाळी पाटीवरचे आकडे वहीत उतरवते, पावसाचे उतरवते तसेच. परवा तिने मला विचारले, "आजोबा, उजवीकडची दोन चाकं सकाळी नऊला नेहमी एकेक पौंड जास्त काहून दाखवतात?" मी अंगणात जाऊन पाहिले. गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी होती, उजव्या बाजूवर सकाळचे ऊन पडले होते. तिला म्हटले, उद्यापासून सूर्य उगवायच्या आधी लिही, बेटा. तिने मागची सगळी पाने खोडली नाहीत. बाजूला "उन्हातले" एवढे लिहून ठेवले.