काडीवरचं ऑइल

१
नाशिकच्या द्वारकाजवळचं स्पेअर पार्टचं दुकान, सकाळची गर्दी.
“शेठ, चांगलं ऑइल द्या.”
“गाडी कोणती?”
“स्प्लेंडर. पण महागातलं द्या.”
शेठनी १०डब्ल्यू-३०ची ९०० मिलीची बाटली काउंटरवर ठेवली. ती महागातली नव्हती. गिऱ्हाइकाने वरच्या फळीवरची सोनेरी बाटली मागून घेतली आणि पैसे दिले. तिच्यावर २०डब्ल्यू-५० छापलेलं होतं.

२
स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. पल्सर १५०ला बरीच वर्षं २०डब्ल्यू-५० सांगत आली. क्लासिक ३५०ला १५डब्ल्यू-५०. अॅक्टिव्हाला पुन्हा १०डब्ल्यू-३०, पण वेगळ्या जातीचं.
सिडकोतल्या एकाच इमारतीखाली या चारही गाड्या रात्री उभ्या असतात. सकाळी ज्या गॅरेजात जातात, तिथे ऑइलचा बॅरल एकच असतो.

३
कारच्या इंजिनातलं ऑइल फक्त इंजिन सांभाळतं, गिअरबॉक्सचं वेगळं असतं. मोटारसायकलचं एकच लिटरभर ऑइल पिस्टनला वंगण देतं, त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा वाहून नेतं, गिअरच्या दातांमध्ये भरडलं जातं आणि वर क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. या चार कामांतलं शेवटचं सगळ्यांत अवघड आहे. बाकी सगळीकडे घर्षण कमी व्हायला हवं, क्लचमध्ये मात्र ते टिकायला हवं.

४
जुनी लोखंडी सिलिंडरची बुलेट आठवा. तिचं इंजिनाचं ऑइल वेगळं, प्रायमरी चेनकेसचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. मालकाला तीन ठिकाणी लक्ष द्यावं लागे, पण ऑइलवर इतका भार नव्हता.

५
“घरात कारचं ऑइल उरलं होतं, तेच टाकलं.”
हे वाक्य गॅरेजात नेहमी ऐकू येतं. काही दिवसांनी कसारा घाटात तोच माणूस अॅक्सिलरेटर पिळतो, इंजिन ओरडतं आणि गाडी आहे त्याच वेगाने चालते. कारच्या बऱ्याच ऑइलांत अॅव्हरेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. क्लच प्लेटांना तीच नको असतात.

६
त्यासाठी जपानी वाहन उद्योगाने १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलचं स्वतंत्र मानक काढलं. नाव जासो. क्लच प्लेटा ऑइलात बुडवून यंत्रावर फिरवतात आणि किती घसरतात ते मोजतात.
एमए म्हणजे ओल्या क्लचसाठी. त्यातलं एमए-२ क्लचची पकड अधिक राखणारं. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. ज्यांचा क्लच ऑइलात बुडत नाही अशा स्कूटरसाठी.
अॅक्टिव्हाला एमबी चालतं ते यामुळे. तेच स्प्लेंडरमध्ये ओतू नये. दोन्ही बाटल्यांवर १०डब्ल्यू-३० असतं, म्हणून गफलत होते.
बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत ही दोनच अक्षरं असतात. ब्रँडच्या आधी ती शोधावीत.

७
स्कूटरवाल्यांसाठी: मागच्या चाकाजवळ थोडंसं गिअर ऑइल वेगळं असतं. सर्व्हिसिंगच्या वेळी त्याचं नाव काढा. सहसा कुणी काढत नाही.

८
आकड्यांविषयी. डब्ल्यूच्या पुढचा आकडा ऑइल १०० अंशांना किती दाट राहतं ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा थंडीतल्या वागण्याचा. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला.
निफाडमध्ये द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात तेव्हा पारा ५-६ अंशांवर असतो. उणे १५ कुठे आणि हे कुठे. पण म्हणून पहिला आकडा बिनकामाचा होत नाही. गार झालेलं जाड तेल काकवीसारखं हलतं. किक मारल्यापासून ते वर कॅमपर्यंत पोचेतो धातूवर धातू घासत असतो. इंजिनाची मोठी झीज याच वेळेत होते.
म्हणून थंडीत गाडी चालू केल्या केल्या पिळू नये. अर्धं मिनिट थांबावं आणि पहिला किलोमीटर सावकाश जावं.

९
“उन्हाळा आला, जाड ऑइल टाकून घ्या.” मालेगावात, मनमाडला, नाशिकलाही हा सल्ला सर्रास मिळतो.
बाहेर ४२ अंश असले तरी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनातलं ऑइल त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. ते गणित कंपनीने आधीच मांडलेलं आहे. स्प्लेंडर लडाखमध्ये चालते आणि चंद्रपूरच्या ४७ अंशांतही चालते. दोन्हीकडे तिला १०डब्ल्यू-३०च सांगितलेलं आहे. तिच्या इंजिनातल्या वाटा आणि फटी त्या ऑइलाच्या हिशोबाने ठेवल्या आहेत. त्यात ५० ढकललं तर पंपाला जोर पडतो, गाडी जड वाटते, अॅव्हरेज उतरतं.

१०
सातपूरच्या कारखान्यांत डिझेल इंजिनांचे नोझल बनतात. तिथे मायक्रॉनचा हिशोब रोजचा.
पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला ऑइलाचा थरही मायक्रॉनमध्येच मोजतात. ‘थोडं जाड’ तिथे थोडं राहत नाही.

११
जुन्या गाडीविषयी एक सवलत. लाखभर किलोमीटर झालेलं, निळसर धूर काढणारं इंजिन असेल तर एक पायरी जाड ऑइल घातल्यावर धूर थोडा कमी होतो. मेकॅनिक ते सांगतो तेव्हा फसवत नसतो. पण रिंगा झिजलेल्या आहेत त्या आहेतच. इंजिनाचं काम पुढे ढकललं जातं, टळत नाही.

१२
“ऑइल काळं पडलं, बदलून टाका.”
चांगल्या ऑइलात मळ धरून ठेवणारी द्रव्यं असतात. काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी ऑइलात राहते आणि ऑइल काळं दिसतं. नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. भीती वाटली पाहिजे ती दुधाळ ऑइलाची. त्यात पाणी शिरलेलं असतं. इगतपुरी-घोटीच्या पावसात, रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढल्यावर ऑइलची काडी ओढून पाहायलाच हवी.

१३
ऑइल पातळ का होतं? तापल्यावरही ते दाट राहावं म्हणून त्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या घालतात. गिअरचे दात त्या साखळ्या तोडत राहतात. कारमध्ये हे काम वेगळ्या गिअरबॉक्सात होतं, मोटारसायकलमध्ये त्याच ऑइलात होतं. मोटारसायकलचं ऑइल कारपेक्षा लवकर उतरतं, त्यात या तुटण्याचा मोठा वाटा आहे.

१४
किती किलोमीटरला बदलावं? गॅरेजवाला दोन-अडीच हजार सांगतो, कंपनीचं पुस्तक त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. इथे मी पुस्तकाच्या बाजूने आहे, पण सरसकट नाही.
पहाटे दिंडोरीकडून दुधाचे कॅन लादून शहरात येणारी गाडी पाहा. दर दाराशी थांबते, चालूच राहते, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गल्ल्या फिरते. मीटरवर किलोमीटर थोडे पडतात, इंजिन मात्र तासन् तास फिरलेलं असतं, तेही वारा न लागता. तिला मेकॅनिकचा आकडा योग्य. रोज ओझरहून अंबडच्या कारखान्यात एका लयीत जाणाऱ्या गाडीला पुस्तकाचा.
आणि जी गाडी फक्त भाजी आणायला निघते तिला वर्षाचा हिशोब लावावा, किलोमीटरचा नाही. दोन किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापत नाही. ऑइलात उतरलेलं पेट्रोल आणि ओल उडून जात नाही.

१५
२०२५पासून देशात पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. वरची भाजीची गाडी पुन्हा आठवावी.

१६
‘फुल्ली सिंथेटिक’. एके काळी याचा अर्थ प्रयोगशाळेत रेणू जुळवून तयार केलेलं तेल, असा ठरलेला होता. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला: खनिज तेलच अतिशय कडक प्रक्रियेने शुद्ध केलं, तर त्याला सिंथेटिक म्हणावं का? जाहिरातींच्या वादांचा निवाडा करणाऱ्या संस्थेने म्हणायला हरकत नाही असं ठरवलं. तेव्हापासून या शब्दामागे नेमकं कोणतं तेल आहे, ते बाटली सांगत नाही.
सिंथेटिक ऑइल तापमान जास्त सोसतं आणि टिकतं जास्त, हे खरं. रोज ७० किलोमीटर पळणाऱ्या किंवा मोठ्या गाडीला पैसे वसूल होतात. शंभर सीसीच्या गाडीत दर अडीच हजारांनी बदलायचंच असेल, तर साधं खनिज ऑइल पुरे.

१७
कॉलेज रोडवर अजून एखादी आरएक्स १०० आवाजावरून ओळखू येते. ती टू-स्ट्रोक. तिचं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, त्याला वेगळी टाकी होती. जुन्या चेतकच्या पेट्रोलमध्ये ते पंपावरच मापाने घालून घेत. त्या पिढीचे एक काका दुकानात विचारत होते, “टू-टी आहे का? नातवाच्या गाडीत टाकायचंय.” पोऱ्याने गाडी विचारली आणि फोर-स्ट्रोकची, म्हणजे फोर-टीची बाटली दिली. विचारण्याचं हे काम दुकानांनी सोडू नये.

१८
मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून टँकर पंपांवर जातात. पंपावर पेट्रोलची शंका आली तर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, घनता विचारण्याचाही.
सुट्या ऑइलाला असं काहीच नाही. मगात ओतलं, इंजिनात गेलं. म्हणून सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडून घ्यावी. झाकणाखालचा पत्रा, बॅच क्रमांक, तारीख बघावी. रिकामी बाटली परत घेऊन तिला भोक पाडावं. भरलेली नकली बाटली कुणाच्या तरी अशाच अखंड रिकाम्या बाटलीतून येते.

१९
काडी बघायची रीत. गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करावी, सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावावी, ऑइल खाली उतरू द्यावं. काडी पुसून पुन्हा घालावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे लावून पाहिलं तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते. पल्सर किंवा नव्या बुलेटला काडीऐवजी काच असते. गाडी सरळ उभी धरून पाहावं.
दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. खालच्या खुणेखाली गेलं, तर आत कितीही भारी ऑइल असलं तरी उपयोग नाही. वरच्या खुणेच्या वर भरणंही चुकीचं.
ज्यांची इंजिनं बसली, त्यांच्यापैकी अनेकांचं ऑइल चुकीचं नव्हतं, संपलेलं होतं. मेकॅनिक मंडळी हे वारंवार सांगतात आणि मला ते पटतं. ब्रँडवर तासभर वाद घालणाऱ्यांपैकी महिन्याला एकदा काडी ओढणारे किती?

२०
जळकं ऑइल कुठे जातं? थोडं सायकलींच्या चेनला. थोडं स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लेटांना. थोडं शेतातल्या लाकडी खांबांना, वाळवी लागू नये म्हणून.
उरलेलं पावसात गॅरेजच्या फरशीवरून गटारात, नाल्यात आणि पुढे गोदेत. २०२७ला सिंहस्थ आहे.
वापरलेलं ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. ते गोळा होऊन पुनर्शुद्धीकरणाला जाईल हे बघण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४पासून कायद्याने ऑइल उत्पादकांवरही आली आहे. पण त्यांच्यापर्यंत ते पोचलं तर. तेव्हा ऑइल बदलताना तिथे थांबा. ड्रेन नटखाली ट्रे लावला आहे का पाहा. जुनं ऑइल डब्यात भरून ठेवतात का, नोंदणी असलेल्या माणसालाच देतात का, हे मेकॅनिकला विचारा. नाही म्हणाला, तर दुसरं गॅरेज शोधा.