पंचालाही चेंडू लागतो

तुम्हांला क्रिकेट आवडते का, हे मी विचारणार नाही. मधल्या सुट्टीत शाळेचे मैदान पाहिले की उत्तर मिळते. मी दुसराच प्रश्न विचारतो. तुमच्या गल्लीत पंच कोण होतो? बहुधा ज्याला खेळायला घेतले नाही तो, किंवा जो आउट होऊन बसला आहे तो. त्याच्याशी सगळे भांडतात. पण त्याला काही इजा होईल, असे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही मनात कधी आले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डिसेंबर महिना होता. नाशिकला गंगापूर रोडवर, आनंदवलीच्या अलीकडे एका मोकळ्या मैदानात आमच्या शाळेची मुले सराव करत होती. गोदावरीकडून आलेले धुके नुकतेच विरले होते. चेंडू टेनिसचा नव्हता, चामड्याचा होता. तुम्ही त्याला सीझन बॉल म्हणता. फलंदाजांच्या डोक्यावर हेल्मेट होते, यष्टिरक्षकाच्या हातांत ग्लोव्ह्ज होते. मी पंच होतो आणि माझ्या डोक्यावर साधी कापडी टोपी होती. षटकातले चेंडू मोजण्यासाठी खिशात सहा खडे होते.

फलंदाजाने चेंडू टोलवला आणि तो चोरटी धाव घेण्यासाठी निघाला. आठवीतल्या एका मुलाने चेंडू उचलून नेम धरला. धावबाद द्यायचा की नाही, हे ठरवताना पंचाला रेषा, बॅट आणि यष्ट्या यांवरच नजर ठेवावी लागते. मी तेच करत होतो. माझी पाठ त्या मुलाकडे होती. अचानक उजव्या कानामागे जोराचा फटका बसला आणि मी गुडघ्यांवर बसलो.

कडेला उभी असलेली दोन-तीन मुले आधी हसली. मग सगळीकडे शांतता झाली. मी उठलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "काही झाले नाही. खेळा."

खरे सांगू का? मला लाज वाटली होती. मुलांपुढे आपण दुबळे दिसू नये, असे वाटत होते. म्हणून मी आणखी तीन षटके उभा राहिलो. तिसऱ्या षटकात गोलंदाज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, सात बॉल झाले." मी खिशात हात घातला. किती खडे इकडचे आणि किती तिकडचे, मला काहीच समजेना.

संध्याकाळी डोके ठणकू लागले आणि उलटी झाली. भावाने मला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि सगळी हकिकत विचारली. मग ते म्हणाले, "सर, एखाद्या मुलाच्या डोक्याला असा मार लागला असता, तर तुम्ही त्याला उन्हात उभे ठेवले असते का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. डॉक्टरांनी समजावले की, डोक्यावर जखम दिसली नाही तरी आत मेंदूला हादरा बसू शकतो. चक्कर येणे, उलटी होणे, झोप येणे, साध्या गोष्टी न आठवणे या त्याच्या खुणा आहेत. अशा वेळी खेळ ताबडतोब थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. मला त्यांनी आठवडाभर विश्रांती घ्यायला सांगितले.

पण माझ्यापेक्षा जास्त मार दुसऱ्यालाच लागला होता. तो आठवीतला मुलगा शाळेत येईनासा झाला. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "सर, हा नीट जेवतही नाही. मी सरांना मारले, असेच म्हणत राहतो." मुलगा खाली मान घालून बसला होता. मी म्हणालो, "बेटा, तू मला नाही, यष्ट्यांना नेम धरला होतास. हे मला ठाऊक आहे." मग मी त्याला एक खरी हकिकत सांगितली.

८ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचे पॉल रायफल पंच होते. ते स्वतः एके काळचे वेगवान गोलंदाज. सीमारेषेजवळून भुवनेश्वर कुमारने फेकलेला चेंडू पाठमोऱ्या रायफल यांच्या डोक्यावर मागून आदळला. ते मैदानावर कोसळले आणि त्यांना बाहेर जावे लागले. त्यांच्या जागी मरे इरॅस्मस उभे राहिले. रायफल यांनी "काही झाले नाही" असा हट्ट धरला नाही आणि भुवनेश्वरला कोणी गुन्हेगार म्हटले नाही. मुलाने प्रथमच मान वर केली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला.

सगळ्या हकिकतींचा शेवट असा चांगला होत नाही. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी इस्रायलमधील अश्दोद शहरात हिलेल आवासकर पंच म्हणून उभे होते. ते इस्रायलच्या संघाचे माजी कर्णधार. हे आडनाव तुम्हांला ओळखीचे वाटेल. अलिबागजवळ आवास नावाचे गाव आहे. कोकणातील बेने इस्रायली कुटुंबांची आडनावे अशीच गावांवरून पडली आहेत आणि त्यांची भाषा मराठी. फलंदाजाने टोलवलेला चेंडू यष्ट्यांवर आदळून उसळला आणि आवासकरांना लागला. ते वाचले नाहीत. दोनच दिवसांपूर्वी, चेंडू लागून जखमी झालेला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज मरण पावला होता. ह्यूजसाठी सारे जग हळहळले. पंच आवासकरांचे नाव मात्र थोड्यांनीच ऐकले.

पंच बाजूला का होत नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर मी वर्गात फळ्यावर मांडले. फलंदाज आणि पंच यांच्यात सुमारे २१ मीटर अंतर असते. टोलवलेल्या चेंडूचा वेग ताशी १०८ किलोमीटर धरला, तर तो एका सेकंदात ३० मीटर जातो. म्हणजे पंचापर्यंत यायला त्याला फक्त ०.७ सेकंद लागतो. त्याआधी पंचाने गोलंदाजाचा पाय रेषेवर पाहिलेला असतो, मग नजर वर उचललेली असते. १६० ग्रॅमचा कठीण चेंडू चुकवायला वेळ उरतो कुठे?

बेसबॉलमध्ये मुख्य पंच फलंदाजाच्या आणि चेंडू झेलणाऱ्याच्या मागे उभा राहतो. तो तोंडावर जाळीचा मुखवटा लावतो आणि छाती व नडग्याही झाकतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. क्रिकेटमध्येही बदल होत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तमिळनाडूतील दिंडिगल येथे रणजी सामन्यात जॉन वॉर्ड या पंचांच्या डोक्याला चेंडू लागला. पुढच्याच महिन्यात, कॅनबेरा येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या सामन्यात ते हेल्मेट घालून उभे राहिले. ब्रूस ऑक्झनफर्ड या पंचांनी २०१६ मध्ये हातावर पारदर्शक ढाल बांधायला सुरुवात केली.

आमच्या मैदानावरही आता तीन नियम आहेत. चामड्याचा चेंडू असेल तर पंचानेही हेल्मेट घालायचे. चेंडू फेकताना "बॉल!" असे मोठ्याने ओरडायचे. आणि ज्याच्या डोक्याला मार लागेल, त्याने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, मग तो विद्यार्थी असो वा शिक्षक.

तो मुलगा आता दहावीत आहे. कधी कधी तो स्वतःहून पंच होतो. डोक्यावर हेल्मेट, खिशात सहा खडे. मुले त्याच्याशी भांडतात आणि तो हसतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही खेळायला जाल, तेव्हा पंचाशी जरूर वाद घाला, पण त्याआधी त्याला विचारा, "तुझे हेल्मेट कुठे आहे?"